तसबिरीतील बॅरिस्टर आणि आपल्या घरातील कागद



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एक तसबीर आहे. निळा कोट, गळपट्टी, हातात ग्रंथ. तिच्यापुढे आपण मेणबत्ती लावतो, फुले वाहतो, चौदा एप्रिलला ती गाडीवर ठेवून गावभर मिरवतो. पण त्या तसबिरीतील पुरुषाचा व्यवसाय कोणता होता, असा प्रश्न आमच्या कुडव्याच्या एखाद्या शाळकरी मुलाला विचारून पाहा. तो तत्काळ सांगेल, ‘त्यांनी घटना लिहिली.’ उत्तर खोटे नाही, परंतु ते फार अपुरे आहे. घटना समितीत पाऊल टाकण्यापूर्वी हा पुरुष वीस वर्षांहून अधिक काळ वकील होता. १९२७ पासून १९३९ पर्यंत, म्हणजे एक संपूर्ण तप, तो मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात सभासद होता. या तपाविषयी आपल्या सभांतून एक अक्षर निघत नाही. भजनी मंडळींना त्याची गरज वाटत नाही आणि पुढाऱ्यांना त्याची भीती वाटते.

याचे कारण उघड आहे. त्या तपात विजयापेक्षा पराजय अधिक आहेत. मांडलेली विधेयके पडली, ठराव फेटाळले गेले, खटले हरले. मिरवणुकीत पराजय नेता येत नाही. म्हणून आपण बाबासाहेबांना थेट १९५० मध्ये आणून बसवले आणि मधली वाट पुसून टाकली. त्यांनी आपल्याला मूर्तिपूजेतून बाहेर काढण्यासाठी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि आपण त्यांचीच मूर्ती करून मोकळे झालो. देव्हाऱ्यातील मूर्तीचे काम आशीर्वाद देणे एवढेच असते. वकिलाचे काम निराळे असते. तो तुमच्याकडून कागद मागतो.

१९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. कोलंबिया आणि लंडन येथील विद्यापीठांचे शिक्षण आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी पदरी असताना सनद काढण्यापुरते पैसे मात्र जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ते दिले. त्या काळी उच्च न्यायालयात मोठी कामे सॉलिसिटरच्या हातून बॅरिस्टरकडे येत आणि अस्पृश्य बॅरिस्टरच्या हाती कागद देण्यास सॉलिसिटर तयार नसत. विद्येने जात धुतली जाते असे आजही आपल्याला सांगणारे लोक आहेत, त्यांनी हे ध्यानी घ्यावे. मग बाबासाहेबांनी मुफसलातील कामे घेतली, फौजदारी अपिले चालवली, पोटासाठी हिशेबनिसांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. आणि जी कामे घेतली त्यांत कशी कामे होती ते पाहा. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून जेधे-जवळकर प्रभृती ब्राह्मणेतर मंडळींना शिक्षा झाली होती; १९२६ साली त्यांचे अपील चालवून बाबासाहेबांनी त्यांना सोडवून आणले. संततिनियमनाचा उघड पुरस्कार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुरासाठी १९३४ साली खटला भरला गेला, तेव्हा तेही वकीलपत्र त्यांनी घेतले. तो खटला हरला. एकही पक्षकार त्यांच्या जातीचा नव्हता. ‘आपल्या माणसांपुरते पाहा’ असा उपदेश करणाऱ्या आजच्या वस्तीपुढाऱ्यांना हे कोणी सांगावे!

आता महाडकडे वळू. २० मार्च १९२७ ची ओंजळ तुम्हा सर्वांस ठाऊक आहे. त्यापुढची हकिकत ठाऊक आहे काय? डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, हजारो माणसे महाडला लोटली. परंतु त्याआधीच तेथील काही स्पृश्य गृहस्थांनी दिवाणी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी त्याला शिवू नये अशी अनादी वहिवाट आहे, हे त्यांचे म्हणणे. जमलेली माणसे तुरुंगात जाण्यास तयार होती. बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला. आपले भांडण सवर्णांच्या रूढीशी आहे, सरकारच्या न्यायालयाशी नाही; तेव्हा रूढीलाच न्यायालयात उभी करू, हा त्यामागचा हिशेब होता.

त्या काळी पुष्कळांना हे माघार घेणे वाटले. आजही एखादा तरुण मला विचारतो, ‘साहेब, त्या दिवशी जायला नको होते का?’ माझे उत्तर असे. महाडच्या न्यायालयाचा निकाल ८ जून १९३१ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. प्रतिपक्षाने अपील केले, ते १९३३ च्या जानेवारीत फेटाळले गेले. ते उच्च न्यायालयात गेले. तेथे १७ मार्च १९३७ रोजी त्यांचा अखेरचा पराभव झाला. पहिल्या ओंजळीपासून मोजले तर दहा वर्षांना तीन दिवस कमी. उच्च न्यायालयात निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हे तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सांगितली होती.

त्या निकालाचे मर्म प्रत्येक बौद्ध घराने समजून घेतले पाहिजे. अस्पृश्यता वाईट आहे म्हणून आपण जिंकलो असे नव्हे. त्या काळी तसा कायदाच नव्हता. आपण जिंकलो ते याकरिता की, ‘पूर्वापार’ असे म्हणणाऱ्याला पूर्वापार सिद्ध करता आले नाही. कायद्याच्या दृष्टीने वहिवाट अनादी असावी लागते, आणि पुराव्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. साक्षी झाल्या, नगरपालिकेचे दप्तर पाहिले गेले आणि शतकानुशतकांचा म्हणविणारा तो हक्क पुराव्यापुढे टिकला नाही. आज तुमच्या गावात स्मशानभूमीची वाट, विहाराची जागा, सार्वजनिक बोअरवेल यांवरून तंटा होतो, तेव्हा समोरचा मनुष्य काय म्हणतो? ‘आधीपासून असेच आहे.’ आणि तुम्ही मान खाली घालून परतता! का परतता? ‘आधीपासून’ म्हणजे केव्हापासून, आणि कोणत्या नोंदीने, एवढे दोन प्रश्न विचारण्यास बॅरिस्टर व्हावे लागत नाही.

कौन्सिलातील कार्याकडे येतो. विरोधक कुजबुजतात की १९२७ साली ते लोकांनी निवडून दिलेले नव्हते, गव्हर्नराने नेमलेले होते. खरे आहे. ज्यांना मतच नव्हते त्यांनी कोणाला निवडून द्यावे? आमच्या मध्य प्रांतातही हीच तऱ्हा होती. गोंदियाचे कालीचरण नंदागवळी तेथील कौन्सिलात बसत, ही गोष्ट आज गोंदियातच कितींना ठाऊक आहे? नेमणुकीने आलेल्या या सभासदाने मुंबईत पहिल्याच वर्षी अंदाजपत्रक उघडून सरकारला त्याचाच हिशेब वाचून दाखवला. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि दारूवरील करातून त्याच माणसांकडून त्याच्या दुपटीहून अधिक वसूल करते. जेवढे लोकांना पाजून मिळते, निदान तेवढे तरी त्यांना शिकविण्यावर खर्चा, ही मागणी होती. हे भाषण विनवणीचे नव्हते. त्यात आकडे होते.

१९२८ साली त्यांनी महार वतनाचे विधेयक मांडले. वतन या शब्दाला आपल्या लोकांत मोठा मान होता. इनामाची जमीन, राजाने दिलेली! परंतु त्या जमिनीच्या तुकड्यापायी घरातल्या प्रत्येक माणसाने कोणत्याही घटकेस सरकारचे आणि गावाचे काम करावे, मेहनतान्याऐवजी बलुत्याचे चार दाणे दारोदार मागावेत, असा तो मान होता. १८७४ च्या वतन कायद्याने हे बंधन पक्के केले होते. बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की बलुत्याच्या जागी रोख मोबदला ठरवा, जमिनीचा पूर्ण सारा घ्या आणि आमचा माणूस मोकळा करा. विधेयक चिकित्सा समितीकडे गेले, तेथे त्याची अशी काटछाट झाली की १९२९ साली त्यांनी ते परत घेतले. हरले! आपल्या लोकांपैकीही काहींनी वतन जाईल म्हणून त्यांच्याविरुद्ध ओरड केली. आपल्याकडे भंडारा जिल्ह्यात मालगुजारी होती, मुंबईचा वतन कायदा येथे नव्हता. परंतु कोतवालकीचा मिंधेपणा आमच्या आजोबांनी याच मातीत भोगला आहे, तेव्हा ही गोष्ट परक्या मुलखाची समजू नका. ते वतन शेवटी १९५८ च्या कायद्याने रद्द झाले. त्याची अंमलबजावणी १ ऑगस्ट १९५९ पासून. विधेयक मांडणारा तेव्हा हयात नव्हता.

खोतीचेही तसेच. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते निवडून आले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने पालवणकर बाळू या थोर क्रिकेटपटूला उभे केले होते. चर्मकार समाजातील त्या गुणी पुरुषाला आपल्याच माणसांविरुद्ध वापरले गेले, हे लिहिताना आजही वाईट वाटते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढील जानेवारीत कोकणचे हजारो शेतकरी, त्यांत कुणबी अधिक, मुंबईत मोर्चाने आले. विधेयक पुढे गेले नाही. १९४९ साली खोती नष्ट करण्याचा कायदा करावा लागला, तो काँग्रेसच्या राज्यात. असा हा ‘हरलेला’ आमदार. त्याची विधेयके त्याच्या विरोधकांना पुढे स्वतःच्या हातांनी मंजूर करावी लागली.

या तपातील एक प्रसंग मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि या लेखाचे प्रयोजनही तेच आहे. १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या असेंब्लीत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक आले. त्यात अस्पृश्यांना ‘हरिजन’ म्हणण्याची योजना होती. भाऊराव गायकवाड उठले, बाबासाहेब उठले. ज्यांचे नाव ठरवायचे त्यांनाच ते नाव नको आहे, मग ते आमच्यावर का लादता, एवढाच त्यांचा प्रश्न होता. बहुमताने तो फेटाळला. तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षासह सभागृहातून उठून गेले. एका शब्दासाठी! सवलत कमी होत नव्हती, जागा कमी होत नव्हत्या, पैसा जात नव्हता. परंतु कायद्याच्या कागदावर माणसाला कोणत्या नावाने लिहिले जाते, यावर तो कायद्यापुढे कोण म्हणून उभा राहतो हे ठरते, हे त्या वकिलाला पक्के ठाऊक होते.

आणि आपण? आपले नाव कोण लिहितो? शाळेतील लिपिक.

थोडे थांबून भंडाऱ्याची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती आपली स्वतःची आहे. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला. दोन जागांच्या मतदारसंघात मते मुद्दाम वाया घालविण्याचा प्रचार झाला म्हणून त्यांनी अशोक मेहतांसह निवडणूक न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, तोही फेटाळला गेला. मग १९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. तेव्हा कुडवा, गोंदिया, तिरोडा सारे भंडाऱ्यातच होते. प्रकृती ढासळलेली असताना ते येथे उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले. लोकांपुढे मत मागण्याची ती त्यांची शेवटची वेळ. याच भूमीत! आणि अडीच वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच भागातील माणसे पांढरी वस्त्रे नेसून नागपूरच्या वाटेला लागली. ज्यांनी मत देताना त्यांना ओळखले नाही, त्यांनी दीक्षा घेताना ओळखले, असे कोणी म्हणेल. मी इतका उदार नाही. मत द्यायला सवर्णांची बहुसंख्या होती. दीक्षा घ्यायला फक्त आपण होतो. हा हिशेब विसरून ‘भंडाऱ्याने बाबासाहेबांना पाडले’ असा ठपका जे आजही आपल्या माथी मारतात, त्यांनी संयुक्त मतदारसंघ म्हणजे काय याचा थोडा अभ्यास करावा.

याच भंडारा जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडले. भोतमांगे कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ आरोपींना दोषी ठरवून सहा जणांना मृत्युदंड सांगितला. २०१० साली नागपूर खंडपीठाने तो पंचवीस वर्षांच्या कारावासावर आणला. परंतु दोन्ही न्यायालयांत अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे टिकली नाहीत. साऱ्या महाराष्ट्राला जे जातीचे हत्याकांड म्हणून ठाऊक आहे, ते न्यायालयाच्या कागदावर तसे उतरले नाही. आपला संताप योग्यच होता. पण जे फिर्यादीत, जबानीत, पंचनाम्यात पहिल्या दिवसापासून येत नाही, ते निकालपत्रात आणणे पुढे फार दुर्घट होते, ही वकिलाची कडू माहिती आहे.

आता आपल्या घरातील कागद पाहू. प्रस्तुत लेखकाकडे येणाऱ्या कुटुंबांची कथा थोड्याफार फरकाने एकच असते. बाप दीक्षाभूमीवर जातो, घरात त्रिशरण-पंचशील होते, मुलीचे लग्न बौद्ध पद्धतीने लागते. आणि मुलाच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात धर्म ‘हिंदू’. असे का, म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले: ‘बौद्ध लिहिले तर सवलत जाते म्हणतात.’ कोण म्हणतात? ही भीती एकेकाळी निराधार नव्हती. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदूखेरीज अन्यधर्मीयांना स्थान नव्हते. १९५६ साली शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्या सवलती बौद्धांना दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांत दार बंद राहिले. धर्मांतराची ती किंमत आपल्या आई-बापांनी चौतीस वर्षे मोजली. १९९० साली संसदेने दुरुस्ती करून त्या आदेशात बौद्धांचा समावेश केला. तेव्हापासून धर्म बौद्ध लिहिला म्हणून अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. कायदा बदलून तीन तपे होत आली. आपली भीती मात्र १९८९ मध्येच बसून आहे, आणि ती जागी ठेवण्यात ज्यांचे हित आहे ते ती जागी ठेवीत आहेत.

दुसऱ्या टोकाला आमचे काही स्वाभिमानी तरुण आहेत. ते म्हणतात, ‘आम्ही बौद्ध, जातीच्या रकान्यातही बौद्धच लिहिणार. महार हा शब्द आम्ही नागपुरातच टाकला.’ त्यांचा अभिमान मला मान्य आहे, त्यांचा अर्ज मान्य नाही. बौद्ध ही जात नव्हे, आणि ‘नवबौद्ध’ हे नाव अनुसूचित जातींच्या यादीत नाही. जातीचा रकाना ही आपली ओळख नव्हे. तो जखमेचा पंचनामा आहे. जखम कोणी केली आणि कोठे झाली हे त्यात लिहायचे असते. पंचनामा कोरा ठेवल्याने जखम भरत नाही, फक्त आरोपी सुटतो. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात यादीतील जातीचे नाव, हे दोन्ही एकाच वेळी लिहिण्यात कायद्याची काही हरकत नाही. जात पडताळणी समितीपुढे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या जन्माची कोतवाल पंजीतील नक्कल हाच पुष्कळदा आपल्याकडे एकमेव आधार असतो. ती जीर्ण वही उद्या सापडेलच याची हमी कोण देणार? तिची नक्कल आजच काढा. मुलाच्या शाळेतील नोंद तो शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्यावर ते काम कठीण होते. लग्नाची नोंद निबंधकाकडे करा. भन्तेंनी दिलेले आशीर्वाद मोठे खरे, पण पोटगीच्या दाव्यात त्यांची नक्कल मिळत नाही. इतर जातींतून अलीकडे धम्मात आलेल्या कुटुंबांचे प्रश्न थोडे निराळे आहेत. त्यांवर स्वतंत्रपणे लिहिणे योग्य होईल.

आणि जनगणना! १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद होती २,४८९. १९६१ साली ती झाली सुमारे २७ लाख ९० हजार. एका दशकात एक अख्खा समाज सरकारी कागदावर उभा राहिला, आणि तोही अशा वेळी की बौद्ध म्हणविल्याने पदरचे जात होते. आता पुढचे आकडे वाचा. २००१ साली महाराष्ट्रात ५८ लाख ३८ हजार, २०११ साली ६५ लाख ३१ हजार. वाढ बारा टक्क्यांहूनही कमी. राज्याची एकूण वाढ मात्र सोळा टक्के. लहान कुटुंब, शिक्षण, ही कारणे त्यात असतील. परंतु ज्या वस्त्यांत घरोघर पंचशील ध्वज आहे तेथे प्रगणकाने न विचारताच ‘हिंदू’ लिहून पुढचे दार गाठले, असे मी स्वतः ऐकले आहे. ज्या नावासाठी १९६१ साली आई-बापांनी नोकऱ्या सोडल्या, ते नाव आपण आळसाने सोडून देतो. एका शब्दासाठी सभागृह सोडून जाणाऱ्याचे आपण अनुयायी म्हणवतो!

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून जनगणना जाहीर झालेली आहे आणि तीत सर्वांचीच जात नोंदविण्याचे ठरले आहे. म्हणजे दोन्ही रकाने तुमच्यापुढे एकाच दिवशी येणार. प्रगणक बहुधा सकाळी किंवा दुपारी येतो. आमच्याकडे तेव्हा पुरुष भाताच्या गिरणीवर नाहीतर धुऱ्यावर असतात. दारात उत्तर देते ती घरातील बाई, आणि ती विड्या वळता वळता म्हणते, ‘लिहा तुम्हाला काय लिहायचे ते.’ तेव्हा घरातील आईला, सुनेला, आजीला आधीच नीट समजावून ठेवा. धर्म कोणता, जात कोणती, ही दोन उत्तरे वेगवेगळी आहेत. प्रगणकाने लिहिलेले त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि चुकले असेल तर तो उंबऱ्यावर असतानाच दुरुस्त करायला सांगा.